रायफलच्या पुंगळ्यांसाठी पॉवर ट्रिमर कसा निवडावा: आधी मोजमाप कुठून ते पाहा, मग वेग

पॉवर केस ट्रिमर, म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी मापात कापणारं मोटरचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, तासाला किती पुंगळ्या निघतात? हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की यंत्र पुंगळीची लांबी कुठून मोजतं: बुडावरून की खांद्यावरून, म्हणजे मानेखालच्या निमुळत्या उतारावरून? याचं उत्तर तुमच्या रायफलला, डायला (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याला) आणि कामाच्या पद्धतीला जुळलं नाही, तर सहाशे डॉलरचं यंत्रही एकाच डब्यातल्या पुंगळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून देतं आणि दोष मात्र कटरवर जातो.

कायद्याबद्दल दोन वाक्यं आधीच. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, स्वतःच्या रायफलसाठी घरी काडतुसं भरणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी काडतुसं तयार करायची तर टाइप ०६ परवाना लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा महाराष्ट्रातल्या नेमबाजांनी यातलं काही घरी करून पाहू नये.

पुंगळी लांबते म्हणजे नेमकं काय होतं

बार झाला की पितळ चेंबरभर, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेइतकं, फुगतं. नंतर साइझिंग डायमध्ये पुंगळी दाबली की बाजूने आवळलेलं पितळ वर, मानेकडे सरकतं. त्यातच डायमधला एक्सपांडर बॉल (मान आतून मापाला आणणारा गोळा) कोरड्या मानेतून ओढून काढला, तर खांदा आणि मान दोन्ही पुढे खेचले जातात. म्हणजे लांबी वाढते ती बाराइतकीच साइझिंगमध्येही. म्हणूनच ट्रिमिंग साइझिंगनंतर करायचं, आधी नाही.

लांबी मर्यादेबाहेर गेली की पुंगळीचं तोंड चेंबरच्या मानेच्या पुढच्या पायरीवर जाऊन दाबलं जातं. तिथे ते गोळीभोवती आवळतं आणि बार होताना गोळी सुटायला जागाच मिळत नाही. दाब एकदम चढतो. दारू पुस्तकाप्रमाणे मोजून भरलेली असली तरी असं होऊ शकतं, म्हणून ट्रिमिंग ही नुसती अचूकतेची हौस नाही.

नेहमीच्या काही काडतुसांची सामी या अमेरिकी मानक संस्थेची कमाल लांबी आणि कापायची प्रचलित लांबी अशी:

.२२३ रेमिंग्टन: कमाल १.७६० इंच, कापायची १.७५० इंच
.३०० ब्लॅकआउट: कमाल १.३६८, कापायची १.३५८
६.५ क्रीडमूर: कमाल १.९२०, कापायची १.९१०
.३०८ विंचेस्टर: कमाल २.०१५, कापायची २.००५
.२४३ विंचेस्टर: कमाल २.०४५, कापायची २.०३५
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: कमाल २.४९४, कापायची २.४८४

दोन्हींत फरक दहा थाऊंचा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. .३०८ ची पुंगळी २.००५ ला कापली आणि ती दर फेरीला तीन थाऊ वाढत असेल, तर तीन फेऱ्यांनंतर ती २.०१४ वर येते आणि चौथ्या फेरीला मर्यादा ओलांडते. स्वतःच्या पुंगळ्यांची वाढ दोन-तीन फेऱ्या मोजून लिहून ठेवली की दरवेळी कापायचं की नाही हा वाद उरत नाही. पॉवर ट्रिमर हाताशी असेल तर मात्र दरवेळी सगळा डबा फिरवून घेणं हेच सोपं. जी पुंगळी वाढलेली नाही तिला कटर लागतच नाही.

पॉवर ट्रिमर लागतो का?

हाताने कापायला अर्धा मिनिट, तोंडाच्या आतल्या कडेला उतार (चॅम्फर) द्यायला आणि बाहेरचा खरखरीत काठ (बर) काढायला आणखी अर्धा, असा पुंगळीमागे मिनिटभराचा हिशेब धरा. शिकारीच्या बोल्ट रायफलच्या पन्नास पुंगळ्या वर्षातून दोनदा कापायच्या असतील तर हाताचा ट्रिमर पुरतो. एआर-१५ या सेमी-ऑटो रायफलसाठी .२२३ च्या पाचशे पुंगळ्या हाताने करायच्या म्हटलं तर आठ तासांहून जास्त गेले आणि मनगट गेलं ते वेगळं. तीन कामं एका दमात करणारा पॉवर ट्रिमर पुंगळीमागे पाच-सहा सेकंद घेतो, म्हणजे त्याच पाचशे पुंगळ्या पन्नास मिनिटांत.

मधल्या लोकांना, म्हणजे महिन्याला शंभर-दीडशे पुंगळ्या करणाऱ्यांना, पूर्ण यंत्राची गरज सहसा नसते. त्यांच्यासाठी ड्रिलवर बसणारा ट्रिमर हीच बरी सोय. त्याबद्दल पुढे.

बूड की खांदा

बुडावरून मोजणाऱ्या ट्रिमरमध्ये पुंगळीचं बूड किंवा रिम (बुडाची कड) शेलहोल्डरमध्ये (रिम धरणाऱ्या खाचेत), कॉलेटमध्ये (आवळणाऱ्या पकडीत) किंवा थांब्यावर टेकतं आणि तिथून कटरपर्यंतचं अंतर पक्कं असतं. आरसीबीएस ट्रिम प्रो, लायमन युनिव्हर्सल, फोर्स्टर, एल. ई. विल्सन ही या घराण्यातली नावं. खांद्यावरून मोजणाऱ्यांत पुंगळी तोंडाकडून एका होल्डरमध्ये घालायची असते. खांदा आतल्या कडेला टेकला की पुढे निघालेली मान कापली जाते. जिराऊड, ट्रिम-इट, लिटल क्रो गनवर्क्सचा डब्ल्यूएफटी आणि फ्रँकफर्ड आर्सेनलचं केस ट्रिम अँड प्रेप सेंटर या प्रकारातले.

खांद्यावरून मोजणाऱ्यात मानेची लांबी, म्हणजे खांदा ते तोंड हे अंतर, एकसारखं राहतं. बूड ते तोंड ही एकूण लांबी मात्र खांदा कुठे आहे त्यावर ठरते. एका डब्यात खांद्याच्या जागेत सहा थाऊंचा फरक असेल तर एकूण लांबीतही सहा थाऊंचा फरक दिसणारच. कॅलिपर हातात घेऊन लोक ट्रिमरला शिव्या देतात ते इथेच. ट्रिमर बरोबर असतो, फरक साइझिंगमध्ये पडलेला असतो.

आता चेंबरचा विचार करा. रिम बाहेर न आलेली, खांदा असलेली पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावरच टेकते. तोंड पुढच्या पायरीपासून किती दूर राहील हे खांदा ते तोंड या अंतरावर ठरतं, एकूण लांबीवर नाही. त्या अर्थाने खांद्यावरून मोजणारा ट्रिमर चेंबरला लागणारं तेच अंतर मोजतो. पण क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं, करायचा असेल तर गणित उलटं होतं. क्रिम्प डायच्या बाजूने पाहिलं तर पुंगळी शेलहोल्डरवर, बुडावर उभी असते; एकूण लांबी कमीजास्त असेल तर एकीला जास्त क्रिम्प बसतो, दुसरीला नुसता स्पर्श होतो. गोळीवरच्या खाचेत क्रिम्प घालणाऱ्यांनी म्हणून एकतर बुडावरून मोजणारा ट्रिमर घ्यावा, नाहीतर खांदा दोन थाऊंच्या आत आणायला शिकावं.

दुसरा उपाय जास्त फायद्याचा, कारण तो तसाही करायलाच हवा. खांदा मोजायचा कम्पॅरेटर कॅलिपरला लावा, चेंबरमधून निघालेल्या पुंगळीपेक्षा खांदा बोल्ट रायफलसाठी दोन-तीन थाऊ आणि सेमी-ऑटोसाठी तीन ते पाच थाऊ मागे ढकलला जाईल अशी डाय लावा. वंगण सगळ्या पुंगळ्यांना सारखं लावा आणि प्रेसचा (डाय बसवायच्या दाबयंत्राचा) दांडा शेवटच्या टोकाला क्षणभर थांबवा. कडक झालेलं पितळ परत उसळी मारतं, म्हणून दहा वेळा वापरलेल्या आणि एकदाच वापरलेल्या पुंगळ्या एका डब्यात घालू नका.

बुडावरून मोजणाऱ्यांच्याही खोडी आहेत. सेमी-ऑटो रायफलचा इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) बुडावर खवला काढतो, एक्स्ट्रॅक्टर (तिला ओढणारा आकडा) रिम वाकवतो. अशी पुंगळी शेलहोल्डरमध्ये तिरकी किंवा उचललेली बसते आणि तेवढी आखूड कापली जाते. कॉलेट असेल तर आवळण्याच्या जोराप्रमाणे पुंगळी किंचित सरकते. शेलहोल्डर असेल तर त्यातली ढिलाई असते. विल्सनची पद्धत यांतली सर्वांत नेमकी: पुंगळीचं शरीर निमुळत्या होल्डरमध्ये घट्ट बसतं, बूड थांब्याच्या स्क्रूला टेकतं आणि मानेत पायलट (कटर मधोमध ठेवणारी दांडी) लागत नाही. तोंड काटकोनात कापलं जातं. पॉवर अ‍ॅडाप्टर लावूनही ती हळूच चालते, पण लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे तीच घेतात ते उगाच नाही.

.४५-७० सारख्या सरळ पुंगळीला खांदाच नाही, तिथे बुडावरून मोजणाराच हवा. .३५० लेजंड आणि .४५० बुशमास्टर या सरळ पुंगळ्या तर चेंबरमध्ये तोंडावर टेकतात. त्यांना जास्त आखूड कापलं की हेडस्पेस, म्हणजे चेंबरमधली त्यांची बसण्याची जागा, बिघडते. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ही काडतुसं खपतात, म्हणून मुद्दाम सांगितलं: पॉवर ट्रिमरच्या वेगात यांना 'थोडं जास्त कापलं तर काय होतंय' हा न्याय लागू नाही.

बाजारात काय मिळतं

ड्रिलवर बसणारे. डब्ल्यूएफटी, ट्रिम-इट वगैरे. हातातल्या किंवा टेबलाला आवळलेल्या ड्रिलमध्ये दांडा घालायचा आणि पुंगळी हाताने आत सारायची. किंमत शंभर डॉलरच्या अलीकडे-पलीकडे, साध्या मॉडेलमध्ये एका काडतुसापुरतं किंवा एका कुटुंबापुरतं. डब्ल्यूएफटीचा साधा प्रकार फक्त लांबी कापतो, चॅम्फर आणि बर वेगळी काढावी लागते. ट्रिम-इट तिन्ही कामं एकदम करतो. हा फरक विकत घेताना वाचून घ्या, कारण वेळ कापण्यात जात नाही, नंतरच्या दोन कामांत जातो. एकच काडतूस भरणाऱ्याला पैशाच्या मानाने याहून चांगलं काही मिळत नाही.

ली कंपनीचा स्वस्त मार्गही आहे: काडतुसाप्रमाणे मिळणारी ठरावीक लांबीची गेज पिन, लॉक स्टड आणि कटर. लॉक स्टड ड्रिलमध्ये धरला की हाही पॉवर ट्रिमर झाला. पिन मानेतून आत जाऊन फ्लॅश होलमधून (बुडातल्या मधल्या भोकातून) शेलहोल्डरच्या तळाला टेकते, त्यामुळे लांबी बदलता येत नाही, पण चुकतही नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात केली तर बिघडत नाही.

मोटर लावलेले लेथ पद्धतीचे. आरसीबीएस, लायमन यांचे पॉवर ट्रिमर. अनेक काडतुसं, प्रत्येकी थोड्या पुंगळ्या, अशी ज्यांची तऱ्हा आहे त्यांना हे सोयीचे: शेलहोल्डर आणि पायलट बदलला की काडतूस बदललं. पुंगळी अडकवणं-सोडवणं यात वेळ जातो, म्हणून मोटर असूनही हा प्रकार फार वेगवान नाही. पायलट मानेत सहज फिरायला हवा. एक्सपांडरशिवाय साइझ केलेल्या मानेत तो जात नाही, आणि जबरदस्तीने घातला तर तापतो, पितळ त्याला चिकटतं आणि मान आतून ओरखडते.

टेबलावरचे, खांद्यावरून मोजणारे. जिराऊड हे यातलं जुनं आणि भरवशाचं नाव. मोटर, समोर काडतुसाप्रमाणे बदलायचा होल्डर, आत कार्बाइडचा तिहेरी कटर. लांबी, आतला चॅम्फर आणि बाहेरची बर एका दमात. पाचशेच्या घरात .२२३ किंवा .३०८ करणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती हीच. फ्रँकफर्डचं यंत्र त्याहून बरंच स्वस्त आहे आणि त्यावर चॅम्फर, बर, प्रायमर पॉकेट (ठिणगी पाडणाऱ्या टोपीची खाच) यांची वेगवेगळी फिरती टोकं आहेत. म्हणजे पुंगळी एका जागेवरून दुसरीकडे न्यावी लागते. घाई नसेल तर ते वाईट नाही.

प्रेसवर बसणारे. डिलनचा रॅपिड ट्रिम, आधी १२०० आणि पुढे १५०० हे मॉडेल. प्रोग्रेसिव्ह (एका दमात अनेक टप्पे करणाऱ्या) प्रेसच्या टूलहेडमध्ये खास डाय बसते, ती पुंगळी साइझ करत असतानाच वरून कटर तोंड कापतो. हजारोंनी .२२३ करणाऱ्याला याला तोड नाही. पण तीन गोष्टी आधीच समजून घ्या. एक, डायमध्ये मान बाहेरून आवळली जाते आणि एक्सपांडर नसतो, त्यामुळे पुढच्या टप्प्यावर मँड्रेल किंवा एक्सपांडर डायने मान आतून मापाला आणावी लागते. दोन, व्हॅक्युमशिवाय हे चालवू नका; पितळेचा कीस शेलप्लेटवर पसरला की प्रेस अडकतो. तीन, चॅम्फर होत नाही. बोटटेल (निमुळत्या बुडाची) गोळी असेल तर मँड्रेल आणि नंतरचं टम्बलिंग (दाण्यांत घोळवून साफ करणं) एवढ्यावर भागतं, सपाट बुडाच्या गोळीला चॅम्फर लागतोच.

पैसे देण्याआधी

यंत्राची किंमत ही अर्धी किंमत. दुसऱ्या काडतुसाला होल्डर, कटर, पायलट यांपैकी काय काय नवं घ्यावं लागेल ते विचारा आणि तुमच्या सगळ्या काडतुसांची बेरीज करा. चार काडतुसं असतील तर कधीकधी महागडं यंत्र घेऊन त्याचे होल्डर बदलत बसण्यापेक्षा एका काडतुसाला तिहेरी कटर आणि बाकी तिघांना साधा लेथ ट्रिमर हा सौदा परवडतो.

तिहेरी कटर बहुधा एका कॅलिबरपुरता किंवा थोड्या मर्यादेत जुळवता येतो. त्याची आतली आणि बाहेरची धार सरकवता येते का, हे पाहा. लष्करी पुंगळीच्या मानेची जाडी आणि लापुआसारख्या कंपनीच्या पुंगळीची जाडी सारखी नसते. धार जुळवता येत नसेल तर एकीला आतून खोल चॅम्फर बसेल आणि दुसरीची बाहेरची बर तशीच राहील.

कार्बाइड कटर हायस्पीड स्टीलपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, पण ठिसूळ असतो. पितळ म्हणून उचललेल्या डब्यात एखादी स्टीलची पुंगळी असेल तर धारेचा टवका उडू शकतो. डब्यावरून चुंबक फिरवणं हा दहा सेकंदांचा विमा. पितळेचा मुलामा दिलेली स्टीलची पुंगळी डोळ्यांना फसवते, चुंबकाला नाही.

मोटर किती तास सलग चालते ते माहितीपत्रकात बघा. लहान गिअर मोटर शे-दोनशे पुंगळ्यांनंतर तापते, तिला विश्रांती लागते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी अमेरिकेतून यंत्र मागवताना १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ हे वाचून ट्रान्सफॉर्मर घेतला तरी हर्ट्झ बदलत नाही, हे लक्षात ठेवा: इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. २३० व्होल्टचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

बसवणं आणि पहिला डबा

खालचा क्रम खांद्यावरून मोजणाऱ्या तिहेरी कटरच्या यंत्रासाठी आहे, .२२३ धरून. बुडावरून मोजणाऱ्याला पाचवी पायरी सोडली तर बाकी तेच.

१. पुंगळ्या टम्ब्लरमध्ये साफ करा. मानेची चीर, बुडाजवळची चकचकीत गोल रेघ बघा. टोक वाकवलेली तार आतून फिरवून बुडाच्या थोडं वर खळगा लागतो का ते पाहा. खळगा लागला तर पुंगळी भंगारात. ती पुढच्या बारात तिथेच तुटते. वारंवार कापावी लागणारी पुंगळी ही खूण आधीच देत असते, कारण मानेत आलेलं पितळ कुठूनतरी कमी झालेलं असतं.

२. वंगण लावून साइझ करा, वापरलेला प्रायमर काढा. प्रायमर बाहेर डोकावत असेल तर बुडावरचं मोजमाप चुकतं.

३. वंगण पुसा किंवा पुन्हा वीस मिनिटं टम्बल करा. होल्डरमध्ये वंगण गेलं की पितळेचा कीस त्यालाच चिकटतो.

४. वीस पुंगळ्या उचलून कॅलिपरने एकूण लांबी मोजा. प्रत्येक मोजणीआधी जबडे पुसा, शून्य तपासा. तोंडावर बर असेल तर ती आधी हत्यार हलकेच फिरवून काढा, नाहीतर दोन-तीन थाऊ फुकटचे दिसतात.

५. त्याच वीस पुंगळ्यांचा खांदा कम्पॅरेटरने मोजा. फरक तीन थाऊंपेक्षा जास्त असेल तर ट्रिमर बाजूला ठेवा आणि डायकडे परत जा.

६. यंत्र टेबलाला बोल्टने आवळा. होल्डर इतका बाहेर ठेवा की पहिल्या पुंगळीला कटर लागणारच नाही. मग थोडं थोडं आत घ्या. होल्डरवर इंचाला वीस आटे असतील तर एक फेरा म्हणजे पन्नास थाऊ, पाव फेरा साडेबारा. या हिशेबाने जवळ आलात की शेवटचे पाच थाऊ अगदी केसभर फिरवत घ्या. भंगारातली पुंगळी यासाठी वापरा. जास्त कापलेली पुंगळी परत वाढवता येत नाही.

७. १.७५० ला आला की लॉक नट आवळा आणि पुन्हा एक कापून मोजा. नट आवळताना होल्डर एखादा-दुसरा थाऊ सरकतोच.

८. आता तिहेरी कटरची धार. कापलेलं तोंड भिंगाखाली बघा: आतला आणि बाहेरचा उतार दोन्ही दिसायला हवेत आणि मध्ये सपाट कडेची बारीक पट्टी उरायला हवी. तोंड सुरीसारखं धारदार झालं तर चॅम्फर जास्त आहे. असं तोंड गोळी बसवताना दुमडतं. धार हलवली की लांबी पुन्हा तपासा.

९. पाच पुंगळ्या कापा, पाचही मोजा. साध्या कामाला १.७५० च्या दोन थाऊ इकडेतिकडे चालेल. जमलं की पुढे चला आणि दर पंचवीस पुंगळ्यांनंतर एक मोजा.

कापताना पुंगळी सरळ आत सारा, कटरचा आवाज बदलतो तो ऐका. कापणं संपलं की आवाज मोकळा होतो. तेव्हा पुंगळी बोटांनी अर्धा फेरा फिरवून बाहेर काढा. जोर लावायचा नाही. कटर धारदार असेल तर दोन बोटांचा दाब पुरतो.

डोळ्यांना चष्मा हवाच. कीस सुईसारखा असतो आणि उडतो. सैल हातमोजे फिरत्या कटरजवळ नकोत, हाताला घट्ट बसणारे नायट्राइलचे चालतील. वापरलेल्या पुंगळ्यांवर प्रायमरमधलं शिसं असतं, म्हणून काम करताना खाणं-पिणं नको आणि नंतर हात साबणाने धुवा. ब्रश असलेली मोटर आत ठिणग्या पाडते, तेव्हा दारूचा उघडा डबा त्या टेबलावर असता कामा नये. भरलेलं काडतूस ट्रिमरमध्ये कधीही घालायचं नाही, 'नुसती लांबी बघायला' म्हणूनसुद्धा नाही.

बिघडतं तेव्हा

लांबी दर पुंगळीला थोडी थोडी वाढत चालली असेल तर होल्डरच्या आतल्या कडेवर कीस साठतोय. खांदा पूर्ण टेकत नाही. ब्रश आणि दाबाची हवा मारा, पण डोळे सांभाळून. लांबी वर-खाली उड्या मारत असेल तर खांदा, वंगण किंवा तुमच्या हाताचा दाब यांपैकी काहीतरी सारखं नाही; एकच पुंगळी तीनदा आत घालून बघा. तिची लांबी तीनही वेळा तीच आली तर ट्रिमर निर्दोष आहे.

तोंडावर लाटा उमटल्या, ज्याला वर्कशॉपमध्ये चॅटर म्हणतात, तर कटर बोथट आहे, ड्रिलचा वेग कमी आहे किंवा दाब जास्त आहे. याच क्रमाने तपासा. नुकत्याच अ‍ॅनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, मानेला बर जास्त येते, तिथे दाब आणखी हलका करा.

तोंड एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा मानेची भिंतच असमान असते आणि तिहेरी कटर ते उघडं पाडतो. पण तोंडच तिरकं कापलं असेल, टेबलावर उलटी ठेवलेली पुंगळी डुगडुगत असेल, तर होल्डर सैल आहे किंवा पुंगळी साइझ न करता घातली आहे. मशीनगनमधून सुटलेलं लष्करी पितळ फार फुगलेलं असतं आणि काही होल्डरमध्ये साइझिंगशिवाय जातच नाही.

काही पुंगळ्या कापल्याच गेल्या नाहीत? आखूड आहेत. त्यांच्यासाठी यंत्र हलवू नका. वेगळ्या काढा, पुढच्या फेरीला त्या वाढून येतील. कापायच्या मापापेक्षा थोडी आखूड, खांदा असलेली पुंगळी धोक्याची नसते, फक्त चेंबरच्या मानेच्या उघड्या भागात काजळीचं कडं जमायला जागा मिळते. नेमकेपणाचे भोक्ते म्हणूनच सिंक्लेअरची चेंबर लेंथ गेज वापरून स्वतःच्या चेंबरची खरी लांबी काढतात. ती पुष्कळदा मानकापेक्षा जास्त निघते. त्यांनी आपलं माप त्यावरून ठरवावं. बाकीच्यांना १.७५० पुरेसं आहे.

कापून झालेल्या पुंगळ्यांच्या आत कीस राहतो. प्रत्येकीला बुडाने टेबलावर ठोकून उपडी करा किंवा सगळा डबा दहा मिनिटं कोरडा टम्बल करा, आणि फ्लॅश होलमध्ये टम्ब्लरचा दाणा अडकलेला नाही ना ते बघूनच नवा प्रायमर बसवा. यंत्राचा होल्डर दर डब्यानंतर उघडून पुसा, कटरला तेल लावू नका, आणि कटरचा एक जास्तीचा नग घरात ठेवा. तो बोथट होतो तो नेहमी शनिवारी संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर.